क्रिएटिनीन वाढलं म्हणजे काय? किडनीच्या डॉक्टरकडे कधी जायचं आणि तिथे काय होतं

(आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रिपोर्टचं पाकीट काउंटरवरच फोडायचं, ठळक छापलेला आकडा शोधायचा आणि विचारायचं, "भाऊ, किडनी खराब व्हयनी का?" याचं उत्तर देणं आमचं काम नाही. रक्त-लघवी तपासून आकडा बरोबर देणं, इथवर लॅबचं काम. अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी. पण कोणत्या डॉक्टरांनी आणि कधी, एवढं मात्र आम्ही नक्की सांगू शकतो.

मुतखडा, प्रोस्टेट, लघवीच्या वाटेतला अडथळा यासाठी युरॉलॉजिस्ट, तो सर्जन. किडनीचं गाळण्याचं कामच बिघडत असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट. एमडी मेडिसिन झाल्यावर किडनीच्या आजारांत डीएम केलेला हा डॉक्टर औषधं, पथ्य आणि गरज पडली तर डायलिसिस बघतो. लोकांना त्यातलं शेवटचंच माहीत असतं. म्हणून 'किडनीवाल्याकडे गेलो की मशीनला लावणार' या धास्तीने जाणं लांबतं, आणि तोंडावर-पायावर सूज, मळमळ, दम असं सगळं होईपर्यंत मशीनला पर्याय उरत नाही.

१.३ कोणाचा?

क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंमधून तयार होणारा कचरा, जो किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते. त्यामुळे नुसता आकडा फसवतो. केळीचे घड वाहणारा पंचवीस वर्षांचा गडी आणि अडुसष्ट वर्षांची आजी, दोघांचंही क्रिएटिनीन १.३ आलं असं समजा. वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून हिशेब केला की किडनीचा गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, त्या गड्याचा ७८ च्या आसपास निघतो आणि आजीचा ४५ च्या. आजीचा १.३ पाहून 'थोडंसंच वाढलंय' म्हणत घरी बसणं महागात पडतं. आमच्या रिपोर्टवर क्रिएटिनीनखाली ईजीएफआर छापलेला असतो, तो वाचा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात.

दुसरी तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनची, म्हणजे एसीआर. ती ३० च्या आत हवी. मधुमेहात क्रिएटिनीन वाढायच्या कितीतरी आधी ही बिघडते, आणि नेमकी हीच 'साधी लघवी तर आहे' म्हणून टाळली जाते. शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या करा. किडनीच्या जुनाट आजारात ही दोन कारणं सगळ्यांत पुढे आहेत.

ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर ३०० च्या वर, लघवीत प्रोटीनसोबत रक्त, किंवा काही महिन्यांतच झरझर घसरलेला ईजीएफआर: यांतलं काहीही असेल तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारून नेफ्रॉलॉजिस्टची वेळ घ्या.

तिथे काय होतं

आधी जुने रिपोर्ट मागतात. वर्षभरात आकडा कसा चालला हे एका कागदावरून कळत नाही, म्हणून फाइल तारखेप्रमाणे लावून न्या. मग सोनोग्राफी. किडनी आक्रसलेली दिसली तर दुखणं बहुधा जुनं. आकार नेहमीचा आणि क्रिएटिनीन एकदम चढलेलं, तर नवं आणि बरंचसं भरून येणारं असू शकतं. कारण सापडत नसेल तर बायोप्सी: जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईने किडनीचा बारीक तुकडा काढतात. नाव ऐकून लोक हबकतात, पण स्टिरॉइड द्यायचं की नाही यासारखे निर्णय तिच्यावरच ठरतात.

गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या; मेडिकलवरून स्वतःहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचीसुद्धा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला, दिवसभर शेतात, पाणी कमी आणि रात्री अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, हे किडनीला सरळ मारक आहे. घोणस चावल्यावरही किडनी बंद पडू शकते. तिथे वाट बघायची नाही. सापाच्या विषावरची लस मिळेल असा सरकारी दवाखाना गाठायचा.

उपचारात टेल्मिसार्टन, रामिप्रिल, डापाग्लिफ्लोझिन अशी औषधं दिसतील. ती सुरू झाल्यावर क्रिएटिनीन सुरुवातीला थोडं वाढू शकतं. तो आकडा बघून परस्पर गोळी बंद करणारे बरेच भेटतात. कृपया तसं करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

पथ्याचं बोलायचं तर मीठ कमी हे बहुतेक सगळ्यांनाच, म्हणजे पापड, लोणचं आणि शेवभाजीला आवर. केळीचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर यावल-रावेरच्या माणसालाही घरची केळी सोडावी लागते, कारण जास्त पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. वाढलेलं नसेल तर उगाच सोडू नका.

डायलिसिसची वेळ येणारच असं दिसलं, तर डॉक्टर काही महिने आधी हातावर फिस्टुला करून घ्यायला सांगतात. शीर आणि धमनी जोडून केलेली ही वाट तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पुढे आठवड्यातून बहुधा तीनदा, चार-चार तास. प्रत्यारोपणाचा विचारही याच टप्प्यावर, मशीनच्या आधीच, सुरू करता येतो.

आमच्याकडे येताना

फिस्टुलाचा हात आधीच सांगा. त्या हातातून रक्त घेत नाही, बीपीही मोजू देऊ नका. नव्याने फिस्टुला ठरला असेल तर तो हातही राखायचा. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली. ताप असेल किंवा पाळी सुरू असेल तर चार दिवसांनी या. आदल्या रात्री मटण झालं असेल तर लपवू नका, क्रिएटिनीन त्यानेही वाढतं.

डायलिसिस महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा, पैसे भरण्याच्या खिडकीवर नंतर जा.