निष्ठा आणि सोवळं: दोघांचा 'नको' सारखाच ऐकू येतो

प्रसादाचा पेढा नको म्हणणारे ख्रिस्ती दोन प्रकारचे असतात. एकाचा नकार निष्ठेतून येतो, दुसऱ्याचा सोवळ्यातून. पेढा पुढे करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. खरं सांगायचं तर 'नको' म्हणणाऱ्यालाही आपला नकार कुठल्या जातीचा आहे, हे पुष्कळदा ठाऊक नसतं.

सोवळं म्हणजे काय हे पुणेकराला शिकवायला नको. १८९० मध्ये पंचहौदाच्या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली आणि पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद झाला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. सगळा वाद शिवलं की नाही शिवलं, एवढ्याचाच. मनात काय होतं हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

त्या चहाच्या यजमान बाजूला असलेले आपण ख्रिस्ती आज तोच प्रश्न उलटा करून विचारतो. अमक्याने आरतीच्या ताटाला हात लावला का? तमकीने हळदीकुंकवाला जाऊन कपाळ पुढे केलं का? धर्म बदलला, पण पेठेतली सवय तेवढी सोबत आली.

निष्ठेचा हिशेब वेगळा असतो. बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक या नजरेने पुन्हा वाचावं. बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या या यहूदी तरुणाला परक्या देवाचं नाव मिसळलेलं बेल्टशस्सर हे नाव दिलं, ते त्याने चालवून घेतलं. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकला, दरबारची नोकरी केली. सोवळ्यातला माणूस पहिल्याच दिवशी नावावरून अडून बसला असता. दानीएल अडला तो राजाच्या ताटातल्या अन्नापाशी, आणि तेही आरडाओरडा न करता. दहा दिवस डाळभाजी देऊन बघा, असं त्याने कारभाऱ्याला अदबीने सुचवलं. पुढे सहाव्या अध्यायात राजाखेरीज कुणाची प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघतो. तेव्हा तो यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत, पूर्वी करत असे तशीच, दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. हे 'पूर्वीसारखंच' मला फार मोलाचं वाटतं. भित्र्याने खिडकी लावून घेतली असती, दिखाऊ माणसाने चौकात जाऊन गुडघे टेकले असते. आणखी एक गोष्ट आपण वाचून पुढे जातो. शत्रूंनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली होती आणि त्यांना ती मिळाली नव्हती. फाईल पुढे सरकवायला पाकीट घेणाऱ्याने खिडकी कितीही उघडी ठेवली तरी तो दानीएल होत नाही.

पुण्यात असं उघडं दार ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं होतं. १८९० मध्ये त्यांनी शारदा सदन ही आपली शाळा मुंबईहून इथे आणली. विधवा मुलींना आपापले आचार पाळायची, सोवळ्या-ओवळ्याप्रमाणे स्वयंपाक करायची तिथे मोकळीक होती. म्हणजे दुसऱ्याच्या सोवळ्यालाही रमाबाईंनी जागा ठेवली. स्वतःची प्रार्थना मात्र त्यांनी लपवली नाही. खोलीचं दार उघडं असे आणि मुली येऊन बसल्या तर त्यांना हाकललं जात नसे. त्यावरूनच १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई राहिल्या शाकाहारी, साध्या लुगड्यातल्या. आपल्यातले काही अजून समजतात की गाऊन घातला आणि केक कापला की ख्रिस्तीपण पक्कं झालं. ते तर नुसतं साहेबी सोवळं.

सोवळं लोकप्रिय का, तर ते स्वस्त पडतं. पेढा परत केला की काम झालं, वर चारचौघांत सांगता येतं. पेढ्याला हात न लावणारं हेच घर मुलीच्या लग्नाच्या पहिल्या बैठकीत आवाज खाली आणून विचारतं, "पण तुम्ही मूळचे कोण?" ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, असं प्रेषित पौलाने गलतीकरांना पत्रात लिहिलं. बाप्तिस्म्याला वाचलेलं ते वचन बैठकीत कुणाला आठवत नाही. जगासारखं न वागायचं म्हणतात ते इथे, आणि इथेच आपण जगाच्या चार पावलं पुढे असतो.

म्हणून सगळं चालतं असं मात्र नाही. 'ही तर आपली संस्कृती' म्हणून प्रत्येक ठिकाणी मान डोलावणं मला पटत नाही. पौल करिंथकरांना सांगतो, जेवायला बोलावलं तर वाढलेलं न विचारता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. माणूस बघून निर्णय बदलतो. सोवळ्याला हे जमत नाही, कारण त्याला वस्तूच तेवढी दिसते. प्रसादाबद्दल कॅथलिक, नॉर्थ इंडिया चर्चवाले आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या यांच्यातही सरसकट एक उत्तर मिळणार नाही.

भोसरीतल्या वर्कशॉपमधली खंडेनवमी घ्या. सोवळेकरी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सुट्टी टाकतो आणि संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर वचन टाकतो. दुसरा नेहमीच्या वेळेला येतो, लेथवरचा बर (धातूचा कीस) झाडतो, तेल घालतो, झेंडूच्या माळा ओवायलाही बसतो. सुपरवायझरने नारळ हातात दिला की म्हणतो, "साहेब, मशीन लख्ख केलंय, नारळ तेवढा दुसऱ्याला फोडू द्या. मी ख्रिस्ती आहे." काम चोख असलेल्याचं हे बोलणं सहसा कुणाला झोंबत नाही. झोंबलंच तर ते सोसणं निष्ठेतच येतं.

आणि हळदीकुंकू? जावं. तिळगूळ घ्यावा, वाण घ्यावं. कुंकू नको असेल तर हसून तसं सांगावं, शेजारीण ते समजून घेते. नाताळात करंज्या-शंकरपाळे केले की तिलाही बोलवावं. त्यातूनही ती सोवळ्यापायी आली नाही, तर तो तिचा प्रश्न.