जेल, तलाव आणि टेंभी नाका: जुन्या ठाण्याची पार्श्वभूमी

मासुंदा तलावापासून टेंभी नाका आणि तिथून सिव्हिल हॉस्पिटलवरून जेलकडे, हा सगळा रस्ता पायी चालायला अर्धा तासही लागत नाही. ठाणं म्हणजे घोडबंदर रोडचे टॉवर असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा जरूर चालावा.

सुरुवात जेलपासून करायला हवी, कारण तो मुळात किल्ला. पोर्तुगिजांनी तो १७३०च्या सुमारास बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आतच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणं जिंकलं आणि १७७४च्या डिसेंबरात ते इंग्रजांकडे गेलं. १७८७ साली इथे खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७चा ताम्रपट सापडला. शिलाहारांचं श्रीस्थानक ते हेच.

याच किल्ल्यात बाजीराव दुसऱ्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होता. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर होता. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई, त्यांना मराठीचा गंध नाही. भिंतीबाहेर घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच त्रिंबकजीला सुटकेचा बेत कळला, असं सांगतात. १८१६ साली तो निसटला. ही हकीकत लिहून ठेवली बिशप हेबर याने आणि सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या सेंट जेम्स चर्चचं १८२५ मध्ये पवित्रीकरण केलं तेही त्यानेच. मराठी गाण्याने तुरुंग फोडल्याची गोष्ट इंग्रज बिशपाच्या लेखणीतून टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याच भिंतींआड १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालणारा कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचा होता. तिथून जाताना पाऊल आपोआप मंदावतं.

तलावाकाठचं कोपिनेश्वर मंदिर पेशवाईत, १७६०च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभं केलं आणि १८७९ साली ठाणेकरांनी वर्गणी काढून ते वाढवलं. जवळच पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली होती. नगरपालिका १८६३ची.

इथल्या माणसांत माझ्या मते पहिला मान विनायक लक्ष्मण भाव्यांचा. जेमतेम विशी ओलांडलेल्या या तरुणाने १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. तेव्हा मराठीची जुनी हस्तलिखितं घरोघरच्या बासनांत पडून होती. त्यांचा माग काढत भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. अशी कामं पुण्यातच होतात, या समजाला ठाण्याने दिलेलं हे उत्तर. पुढे गीतकार पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष झाले. शिवसेना नेते आनंद दिघ्यांचा मुक्काम टेंभी नाक्यावरच. २००१ साली ते गेले, तरी नवरात्रात तिथली गर्दी ओसरलेली नाही.

कोपिनेश्वराचं काम निघालं त्याच १८७९ साली टेंभी नाक्यावर बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉगही, म्हणजे प्रार्थनास्थळही, उभं राहिलं. ही मंडळी मूळची कोकणातली. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. पेणकर, चेऊलकर अशी गावावरून पडलेली आडनावं, घरात मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. सिनेगॉगमध्ये आजही प्रार्थना होते. आणि जे गेले त्यांनी तिकडे एक मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव ‘मायबोली’.