कॉर्नवॉलची ‘बघायलाच हवीत’ ठिकाणं : पार्श्वभूमी

ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला जायचं ठरलं की यादी ठरलेलीच असते: टिंटॅजलचा किल्ला, सेंट आइव्ह्ज, न्यूकीचे किनारे, ईडन प्रोजेक्ट, लँड्स एंड, वेळ उरला तर पोर्थकर्नो. लंडनहून निघालेलं मराठी कुटुंब असो की बर्मिंगहॅमचं इंग्रज, क्रम थोडा मागेपुढे होतो, नावं तीच. यादीत आख्यायिकेतला आर्थर राजा आहे, संत आहेत, पडके बुरूज आहेत, म्हणून ती फार जुनी वाटते. खरं तर ती खाणींचा धंदा बसल्यानंतरची आहे.

१८५९ साली टेमार नदीवर सॉल्टॅशला रेल्वेचा पूल झाला आणि कॉर्नवॉल बाकीच्या देशाला रुळांनी जोडलं गेलं. तेव्हा या भागाची ओळख तांबं, कथील आणि मासळी अशी होती. १८६६ मध्ये तांब्याचा धंदा कोसळला. खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि खाणकामगार ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, पुढे आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पांगले. माणसं गेली, रूळ उरले. त्या रुळांवरून आणायला कुणीतरी हवं होतं.

सेंट आइव्ह्जचा फाटा १८७७ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कंपनीने गावावरच्या टेकडीवरच्या एका जुन्या वाड्याचं हॉटेल केलं. चित्रकार आले ते त्यानंतर. ‘तिथला प्रकाशच वेगळा’ ही ख्याती त्यांनी पसरवली, पण ते उतरले आगगाडीतूनच. १९०४ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाडी सुरू झाली. तिचं नाव ठरवायला एका मासिकातून स्पर्धा घेतली, बक्षीस तीन गिनी. त्यातून आलं ‘कॉर्निश रिव्हिएरा’. त्या काळच्या एका गाजलेल्या पोस्टरवर कॉर्नवॉल आणि इटली यांचे नकाशे शेजारी शेजारी छापले होते: बघा, आकार सारखा, हवा सारखी, मग परदेशी कशाला जाता? नकाशात इटलीचा पाय कॉर्नवॉलशी जुळावा म्हणून थोडी ओढाताण केली होती, पण पोस्टर चाललं. आजच्या यादीतला अर्धा भाग तिथून येतो.

टिंटॅजलचा गुंता मात्र वेगळा, आणि त्यावर जरा थांबायला हवं.

११३६ च्या सुमारास एका धर्मगुरूने लिहिलेल्या इतिहासवजा ग्रंथात आर्थरची आई टिंटॅजलला गरोदर राहिल्याची गोष्ट आली. शंभरेक वर्षांनी, १२३३ मध्ये, कॉर्नवॉलच्या तत्कालीन अर्लने, म्हणजे सरदाराने, ती जागा अदलाबदलीत मिळवली आणि तिथे किल्ला बांधला. लष्करी दृष्टीने त्या कड्यावर किल्ल्याचं फारसं काम नव्हतं. त्याला आर्थरची जागा हवी होती. म्हणजे आज आपण जे अवशेष बघतो तेच मुळी एका गोष्टीच्या मोहापायी उभे राहिले. पुढच्या शतकात तर दिवाणखान्याचं छप्परही उतरवलं गेलं.

आणि गाव? किल्ल्याजवळच्या गावाचं नाव होतं ट्रेव्हेना. टिंटॅजल हे त्या धर्मपरगण्याचं आणि भूशिराचं नाव. १९०० च्या सुमारास टपालखात्याला सोय वाटली म्हणून गावालाही टिंटॅजल म्हणू लागले. सोय टपालाची झाली की हॉटेलवाल्यांची, हा प्रश्न मला पडतोच, कारण १८९९ मध्येच कड्यावर आर्थरच्या किल्ल्याचं नाव लावून एक भलंमोठं हॉटेल उघडलं होतं. १९३० च्या दशकात कस्टर्ड पावडरीच्या धंद्यात पैसा कमावलेल्या एका गृहस्थाने गावात गोलमेज, सिंहासन आणि रंगीत काचांच्या खिडक्यांसह आर्थरचे दरबारही बांधले.

त्याच दशकात उत्खननही झालं. निष्कर्ष निघाला की इथे मध्ययुगाच्या आधी एक केल्टिक मठ होता. पन्नासेक वर्षं तेच मानलं गेलं. १९८३ मध्ये भूशिरावरचं गवत जळालं, खालून आणखी बऱ्याच घरांचे पाये उघडे पडले आणि मठाची कल्पना मागे पडली. भूमध्य समुद्राकडून आलेली भांडी त्या काळच्या ब्रिटनमध्ये इतक्या मोठ्या प्रमाणात दुसरीकडे कुठे सापडलेली नाहीत. पाचव्या ते सातव्या शतकात इथे कुणा बड्या सत्ताधीशाचं ठाणं होतं, तेल-मद्य येत होतं, बदल्यात बहुधा कथील जात होतं. कॉर्नवॉलचा हाच खरा अभिमानाचा इतिहास. पण १९९८ मध्ये ‘आर्टोग्नू’ असं नाव कोरलेली एक पाटीच्या दगडाची लादी मिळाली आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘आर्थरचा दगड’ करून टाकलं. अभ्यासकांनी संबंध नाही म्हटलं, ते कोण वाचतं.

या पार्श्वभूमीवर २०१६ चा वाद समजतो. किल्ल्याची देखभाल करणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने किनाऱ्यालगतच्या खडकात मर्लिन जादूगाराचा चेहरा कोरून घेतला आणि वर माथ्यावर तलवार टेकून उभा असलेला आठ फुटी काशाचा पुतळा बसवला. स्थानिक इतिहासप्रेमींनी आरडाओरड केली: खऱ्या इतिहासाची जत्रा करताय. संस्थेचं म्हणणं, आख्यायिका हाही या जागेच्या इतिहासाचा भाग आहे. किल्ल्याचा जन्म पाहता हे म्हणणं खोटं नाही, पण जिवंत खडकात छिन्नी मारायला ते पुरेसं कारण नव्हे. पुतळ्याला नाव दिलं ‘गॅलोस’, म्हणजे कॉर्निश भाषेत सामर्थ्य. हा मलमपट्टीचा प्रकार बहुतेकांनी ओळखला. २०१९ मध्ये आलेल्या पादचारी पुलावरही टीका झाली, पण तिथे मी संस्थेच्या बाजूचा आहे. मुख्य भूमी आणि भूशीर जोडणारी नैसर्गिक वाट कित्येक शतकांपूर्वी ढासळली होती, पूल तिच्याच रेषेवर आहे. दोन बाजूंनी आलेले त्याचे हात मध्यभागी टेकत नाहीत, चार सेंटिमीटरची फट ठेवली आहे.

या रागामागे एक जुनं दुखणंही आहे. कॉर्नवॉलला ‘काउंटी’ म्हटलेलं तिथे सगळ्यांनाच आवडत नाही. १३३७ पासून ती डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख आहे, काहींच्या मते तर वेगळा देशच. १९९९-२००० मध्ये काही कार्यकर्त्यांनी टिंटॅजलसह अनेक स्थळांवरच्या पाट्या काढून नेल्या, कारण त्या संस्थेच्या नावात ‘इंग्लिश’ हा शब्द होता. प्रकरण ट्रुरोच्या न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

यादीतली बाकीची भर अलीकडची. सेंट आइव्ह्जचं कलादालन १९९३ चं, शेवटची कथिलाची खाण बंद झाली १९९८ मध्ये, चिनी मातीच्या सोडलेल्या खाणीत ईडन प्रोजेक्ट हे प्रचंड काचघरांसारखं उद्यान उघडलं २००१ मध्ये, आणि २००६ मध्ये खाणींची ओसाड इंजिनघरं जागतिक वारसा झाली. पर्यटकांना तिथे ‘एमेट’ म्हणतात. बोलीतला मुंगीचा शब्द. मुंग्यांनी घरंही घेतली. २०१६ मध्ये सेंट आइव्ह्जमध्ये मतदान केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा कौल दिला, आणि एप्रिल २०२५ पासून सुट्टीपुरत्या वापरायच्या दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर लागला.

पोर्थकर्नो सहसा कड्यावरच्या मिनॅक या खुल्या नाट्यगृहासाठी यादीत येतं. आपल्या माणसांनी खालच्या पुळणीवरही उतरावं. १८७० मध्ये मुंबईहून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत आलेली समुद्री तारायंत्राची केबल याच वाळूत वर आली. ती मुळात फॉलमथ बंदरात उतरवायची होती, पण तिथल्या वर्दळीत जहाजांचे नांगर ती तोडतील अशी भीती वाटली. केबल टाकणाऱ्या कंपनीच्या नावात मात्र ‘फॉलमथ’ तसंच राहिलं.