सिल्व्हेस्टर, दुसरा : गणिती पोप

(सु. ९४६ – १२ मे १००३). रोमन कॅथलिक चर्चचा पोप, गणिती व शिक्षक. मूळ नाव जर्बर्ट. पोपपदावर तो जेमतेम चार वर्षे होता. त्याचे नाव हजार वर्षे टिकले ते त्याने शिकवलेल्या हिशेबामुळे, आणि त्या विद्येकडे संशयाने पाहणाऱ्यांनी रचलेल्या कथांमुळे.

जन्म फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात, सामान्य घरात. ओरिआकच्या मठात तो शिकत असताना ९६७ मध्ये बार्सिलोनाचा काउंट बॉरेल तेथे आला व त्याला आपल्याबरोबर स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनियात घेऊन गेला. तेथे विकचा बिशप आत्तो याच्याकडे तो गणित शिकला. दक्षिणेकडच्या मुस्लिम स्पेनमधील विद्या कातालोनियाच्या मठांपर्यंत झिरपत होती. जर्बर्ट स्वतः मुस्लिम स्पेनची राजधानी कोर्दोबा येथे गेला होता असे पुष्कळदा सांगतात. पण त्याचा शिष्य व चरित्रकार रिशे तसे कोठेच म्हणत नाही.

पुढे फ्रान्समधील रँसच्या कॅथीड्रल शाळेत त्याने केलेले अध्यापन हे त्याचे खरे जीवितकार्य म्हणावे लागेल. रिशेने तेथील गणनफलकाचे वर्णन करून ठेवले आहे. हा आजच्या मुलांच्या हातातला मण्यांचा अबॅकस नव्हे. ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून जर्बर्टने एक फळा करवून घेतला व त्यावर २७ रकाने आखले. शिंगाच्या १,००० सोंगट्या करवून त्यांवर नऊ अंकांची चिन्हे घातली. एकं, दहं, शतं अशा रकान्यांत सोंगट्या सरकवून प्रचंड संख्यांचे गुणाकार-भागाकार होत. रोमन अंकांत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांना हे केवढे नवल वाटले असेल! शून्याचे चिन्ह या पद्धतीला लागत नव्हते. रकाना रिकामा ठेवला की काम भागे.

ही नऊ चिन्हे मूळ भारताची, अरबांमार्फत स्पेनला पोहोचलेली. त्यांच्या पूर्वज ब्राह्मी अंकांचे जुने नमुने जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहन लेखात आजही दिसतात. मात्र भारतीय अंक युरोपात रुजवण्याचे सारे श्रेय जर्बर्टला देणे अतिशयोक्तीचे आहे. शून्यासह कागदावर हिशेब करण्याची रीत तेथे बाराव्या-तेराव्या शतकांत, अरबी ग्रंथांची भाषांतरे आणि इटालियन गणिती फिबोनाची यांच्यामुळे पसरली.

त्याची बुद्धी कशी चाले हे आडेलबोल्ड या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात दिसते. समभुज त्रिकोणाची बाजू ७ असेल, तर एका जुन्या रीतीने क्षेत्रफळ २८ येते, भूमितीने २१. हे कसे? पहिल्या रीतीत त्रिकोण एकक चौरसांनी झाकून ते मोजतात, त्यामुळे कडेबाहेर डोकावणारे चौरसही पूर्ण मोजले जातात, असे जर्बर्टने दाखवले. खरे उत्तर २१.२ च्या आसपास आहे.

पवित्र रोमन सम्राट तिसरा ऑटो हा त्याचा शिष्य. त्याच्याच पाठिंब्याने ९९९ मध्ये जर्बर्ट पोप झाला. या पदावर बसलेला तो पहिला फ्रेंच. पोलंड व हंगेरीतील चर्चची घडी त्याच्याच कारकिर्दीत बसली.

मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आतच त्याला चेटक्या ठरवले गेले. अकराव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाच्या पोपचा विरोधक कार्डिनल बेनोने तसा आरोप केला. बाराव्या शतकात माम्झबरीचा विल्यम या इंग्रज इतिहासकाराने कथा रंगवली : जर्बर्टने मुस्लिम गुरूचे जादूचे पुस्तक चोरले, हो-नाही अशी उत्तरे देणारे मुंडके घडवले. जेरुसलेममध्ये मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) केल्याशिवाय मरण नाही, असे त्या मुंडक्याने सांगितले. तो निर्धास्त राहिला. पण रोममधल्याच एका चर्चला जेरुसलेम म्हणतात हे त्याच्या ध्यानी आले नाही, आणि तेथे मिस्सा केल्यावर मृत्यूने त्याला गाठले. यातले काहीच खरे मानण्याजोगे नाही. ग्रहगोलांच्या प्रतिकृती घडवणारा आणि सोंगट्यांनी अवघड भागाकार सोडवणारा धर्मगुरू लोकांना केवढा अगम्य वाटला, एवढे मात्र त्यावरून कळते.

ओरिआकमध्ये १८५१ पासून त्याचा पुतळा उभा आहे. रोमच्या लॅटरन चर्चमध्ये त्याचा समाधिलेख आहे. कोणत्याही पोपचा मृत्यू जवळ आला की त्या थडग्याला घाम फुटतो आणि आतली हाडे खडखडतात, अशी समजूत रोममध्ये शतकानुशतके सांगितली जात होती.