शस्त्रक्रियेदरम्यान किरणोपचार (स्तनाचा कर्करोग)

स्तनातील लहान गाठ काढल्यावर, टाके घालण्याआधी, त्याच भुलीत गाठीच्या जागेला एकदाच दिला जाणारा किरणांचा शेक. स्तन राखल्यास एरवी पूर्ण स्तनाला ३ ते ५ आठवडे, आठवड्यातले ५ दिवस शेक घ्यावा लागतो. देवगड-वेंगुर्ल्याकडच्या बाईला त्यासाठी अनेकदा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, नाहीतर मुंबईत बिऱ्हाड करावे लागते. ते झेपणार नाही म्हणून राखता येण्याजोगा स्तनही काढला जातो.

क्ष-किरणांची ‘टार्गिट’ पद्धत १९९८ मध्ये लंडनला सुरू झाली. ती घडवणाऱ्यांपैकी शल्यविशारद जयंत वैद्य गोव्यात शिकलेले. गाठ काढून झालेल्या पोकळीत १.५ ते ५ सेंमी व्यासाचा गोल ॲप्लिकेटर (किरण सोडणारा गोळा) बसवतात आणि भोवतीचे मांस बटव्याच्या नाडीसारख्या टाक्याने त्यावर ओढून घेतात. गोलाच्या पृष्ठभागावर २० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा मिळते, तिथून १ सेंमी दूर मांसात जेमतेम ५ ते ७. म्हणून मध्ये रक्त साचले किंवा हवा राहिली की त्या बाजूचे मांस दूर जाते आणि मात्रा कमी पडते. उलट, त्वचा गोलाला टेकली तर भाजते, जखम चिघळते; तिला टाक्यांनी दूर ओढून धरतात. शेकाला २० ते ४५ मिनिटे लागतात. मिलानच्या ‘एलियट’ पद्धतीत इलेक्ट्रॉनचा २१ ग्रे शेक काही मिनिटांत होतो. फुप्फुस-बरगड्या वाचवण्यासाठी स्तनामागे धातूची चकती ठेवतात.

खरा घोळ पॅथॉलॉजीच्या अंतिम अहवालाने होतो. तो शेक देऊन झाल्यावर येतो. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कर्करोगाच्या पेशी किंवा काखेतल्या गाठीत लागण निघाली, तर पूर्ण स्तनाचा शेक घ्यावाच लागतो आणि आधीचा शेक वाढीव मात्रा म्हणून धरतात. टार्गिट पद्धतीच्या चाचणीत ही वेळ सुमारे पाचांतल्या एकीवर आली. त्यामुळे ‘पुन्हा यायला नको’ असे शस्त्रक्रियेआधी सांगणे चूकच.

त्याच स्तनात गाठ उलटण्याचे ५ वर्षांतले प्रमाण टार्गिटमध्ये २.१ टक्के, पूर्ण शेकात सुमारे १ टक्का, एलियटमध्ये ४.४ विरुद्ध ०.४. एकूण जगण्यात फरक दिसला नाही. बाई पन्नाशीपुढची आणि लहान, हार्मोनला प्रतिसाद देणारी, काखेत न पसरलेली गाठ असेल तरच विचार करावा. २०२० च्या ब्रिटिश चाचणीनंतर आठवड्याभरात ५ बैठकांचा, एकूण २६ ग्रेचा शेकही उपलब्ध आहे. नातेवाइकांकडे आठवडाभर राहण्याची सोय असेल, तर आधी त्याची चौकशी करावी.