एका मायक्रोग्रॅमचा हिशेब

हवेच्या प्रदूषणावरच्या शोधनिबंधांत एक वाक्य हमखास भेटते: दुपारी हवेतल्या सेंद्रिय कणांचे प्रमाण घनमीटरला १० मायक्रोग्रॅम होते, सल्फेटचे ४. वाक्य इतके सरळ असते, की कुणीतरी ते कण तराजूत घालून तोलले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात हा आकडा बहुधा ज्या यंत्रातून येतो, त्या एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटरला वजन कळतच नाही. त्याला फक्त आयन मोजता येतात. आयनांच्या मोजणीपासून मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचायला चार-पाच गुणक लागतात, आणि क्षेत्र-अभ्यासात प्रयोगशाळेपासून दूर, एखाद्या कंटेनरमध्ये बसून ते गुणक ताब्यात ठेवणे हेच या यंत्रावर काम करणाऱ्यांचे मुख्य काम असते.

आधी यंत्राची रचना पाहू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एरोडाइन रिसर्च या कंपनीने ते विकसित केले. २००० साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. बाहेरची हवा केसाएवढ्या, म्हणजे सुमारे १०० मायक्रॉन व्यासाच्या छिद्रातून आत येते. पुढे एका नळीत ओळीने चकत्या बसवलेल्या असतात आणि त्यांची भोके क्रमाने लहान होत जातात. ही ‘एरोडायनॅमिक लेन्स’ हवेतल्या कणांना एका बारीक झोतात आणते. हवेचे रेणू लगेच फाकतात आणि पंप त्यांना ओढून घेतात. जड कण मात्र सरळ पुढे जातात. निर्वात पोकळी ओलांडून ते सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या टंगस्टनच्या पृष्ठभागावर आदळतात आणि त्यांची क्षणात वाफ होते. त्या वाफेवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, रेणू फुटतात, त्यांचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानानुसार वेगळे काढतो. वाटेत एक फिरती, चीर असलेली चकती असते. चिरेतून निघालेला कण टंगस्टनपर्यंत पोहोचायला किती वेळ घेतो, यावरून त्याचा आकार कळतो, कारण लहान कण जास्त वेगाने जातात.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ६०० अंशांना ज्याची वाफ होत नाही ते या यंत्राला दिसत नाही. काजळी आणि माती-धूळ त्यामुळे हिशेबाबाहेर राहतात. एक मायक्रॉनहून बरेच मोठे कण तर लेन्समध्येच गळतात.

आता प्रमाणाचा विचार करा. यंत्र मिनिटाला जेमतेम ८० घनसेंटिमीटर हवा ओढते. घनमीटरला १० मायक्रोग्रॅम सेंद्रिय कण असलेल्या हवेतून मिनिटाभरात आत जाणारा सेंद्रिय माल एक नॅनोग्रॅमही भरत नाही. आत गेलेल्या प्रत्येक रेणूचा आयन होत नाही, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते. किती रेणूंमागे एक आयन मिळतो? या गुणोत्तराला आयनीकरणाची कार्यक्षमता म्हणतात. ते यंत्रागणिक वेगळे असते आणि एकाच यंत्रात काळागणिक बदलते. इलेक्ट्रॉन सोडणारी तार, म्हणजे फिलामेंट, जुना होतो, व्होल्टेज नव्याने जुळवले जाते, यंत्र ट्रकमधून शेकडो किलोमीटर हादरत येते. म्हणून ते गुणोत्तर पुन्हा पुन्हा मोजावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

मोजायची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात कणांचे वजन हिशेबाने काढले जाते. शुद्ध पाण्यात थोडे अमोनियम नायट्रेट विरघळवायचे, फवारा करून थेंब हवेत सोडायचे आणि ते सिलिका जेलमधून नेऊन वाळवायचे. राहतात कोरडे नायट्रेटचे कण, सर्व आकारांचे. त्यांच्यावर विद्युतभार देऊन त्यांना विद्युतक्षेत्रातून जाऊ दिले, की ठरावीक व्होल्टेजला ठरावीक आकाराचेच कण बाहेर येतात. समजा आपण ३०० नॅनोमीटरचे निवडले. हा प्रवाह दोन फाट्यांत विभागायचा: एक मास स्पेक्ट्रोमीटरकडे, दुसरा कण मोजणाऱ्या उपकरणाकडे. आकार माहीत, घनता माहीत, संख्या माहीत. कण पुरता गोल नसतो, त्यासाठी ०.८ च्या आसपासचा आणखी एक गुणक. एवढ्यावर एका कणाचे वजन येते सुमारे २० फेम्टोग्रॅम, म्हणजे असे पन्नास लाख कोटी कण मिळून एक ग्रॅम. त्या एका कणात अमोनियम नायट्रेटचे साधारण १५ कोटी रेणू असतात, आणि त्यांतून डिटेक्टरपर्यंत नायट्रेटचे आयन पोहोचतात चाळीसेक. तीस-चाळीस लाख रेणूंमागे एक. यंत्रानुसार हा आकडा वरखाली होतो, पण पट्टी हीच.

नायट्रेटच का? ते ६०० अंशांना झटकन आणि पूर्ण उडते, आयनांचा झटका आखूड आणि ठसठशीत येतो, ३० आणि ४६ या वस्तुमानांवर त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात, आणि ते तापलेल्या पृष्ठभागावरून निसटत नाही. या शेवटच्या गुणाकडे पुढे परत यावे लागेल.

कागदावर सोपी वाटणारी ही रीत कंटेनरमध्ये अनेक ठिकाणी फसते. विद्युतक्षेत्र आकार निवडताना खरे तर आकार आणि भार यांचे गुणोत्तर निवडते. त्यामुळे दुहेरी भार असलेला, सुमारे ५०० नॅनोमीटरचा कणही ३०० चा म्हणून निसटून येतो, आणि त्याचे वजन चार-पाच पट असते. असे थोडे कण मिसळले तरी निष्कर्ष बिघडतो. त्यावर उपाय म्हणून द्रावण पातळ ठेवतात, म्हणजे मोठे कण मुळात कमीच तयार होतात. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक कणाचा झटका स्वतंत्रपणे नोंदवायचा. मोठा कण जरा उशिरा पोहोचतो, तो तिथेच ओळखू येतो. कण नीट वाळले नाहीत तर त्यांच्यातल्या पाण्याला आपण नायट्रेट समजतो. दोन फाट्यांच्या नळ्यांची लांबी वेगळी असली, तर एका नळीत कण जास्त गळतात. यांतली कोणतीही चूक पडद्यावर लाल दिवा लावत नाही. आकडा येतो, दिसायला व्यवस्थित, फक्त चुकीचा.

सल्फेट, अमोनियम, सेंद्रिय पदार्थ यांच्यासाठी नायट्रेटच्या तुलनेतले गुणक वापरतात: सल्फेटला साधारण १.२, सेंद्रियांना १.४, अमोनियमला ४ च्या आसपास. अमोनियमचा गुणक नायट्रेटच्याच कॅलिब्रेशनमध्ये मिळून जातो. सल्फेटचा अमोनियम सल्फेट फवारून जागेवर काढावा, पुस्तकातला घेऊन समाधान मानू नये. सेंद्रियांचा १.४ मात्र बहुतेक सगळे जण गृहीत धरतात, कारण हवेतले सेंद्रिय म्हणजे हजारो संयुगांचे मिश्रण, त्याची प्रमाणित बाटली कुठे मिळणार?

दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या दिवसांत यंत्र कुठे सरकले हे कसे कळते? इथे हवेतला नायट्रोजन कामाला येतो. कितीही पंप केला तरी थोडा नायट्रोजन आत पोहोचतोच आणि २८ या वस्तुमानावर मोठा, सतत संकेत देतो. हवेत त्याचे प्रमाण बदलत नाही. म्हणून प्रवाह स्थिर असताना हा संकेत हळूहळू घसरू लागला, तर डिटेक्टर थकतोय असे समजायचे, त्या प्रमाणात बाकीचे आकडे दुरुस्त करायचे आणि वेळ आली की डिटेक्टरचे व्होल्टेज वाढवायचे. नायट्रेटची कार्यक्षमता आणि नायट्रोजनचा संकेत यांचे गुणोत्तर मोहीमभर जवळपास सारखे राहिले पाहिजे. ते हलले, की गोष्ट डिटेक्टरपुरती नाही: प्रवाह, फिलामेंट, झोताची दिशा, सगळे तपासायला घ्या. झोताचे लक्ष्य जेमतेम ३.८ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि प्रवासात लेन्स किंचित हलली तरी कणांचा एक हिस्सा त्याच्या बाजूने निघून जातो.

आता नायट्रेटच्या त्या शेवटच्या गुणाकडे. ओल्या मातीचा गोळा भिंतीवर फेकला तर चिकटतो, वाळलेला आपटून मागे येतो. कणांचेही तसेच. नायट्रेट चिकटते आणि पूर्ण उडते. कोरडे अमोनियम सल्फेट उसळते. त्याचा पाव भाग किंवा जरा जास्त मोजला जातो, बाकीचा वाफ होण्याआधीच निसटतो. हवेतले खरे कण या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणून जगभर ०.५ हा गुणक वापरायचा प्रघात पडला: जितके दिसले त्याच्या दुप्पट धरा. कण आम्लधर्मी असतील, त्यांत नायट्रेट भरपूर असेल किंवा नळीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल, तर गुणक १ कडे सरकतो. २०१२ पासून मोजलेल्या रासायनिक घटकांवरूनच हा गुणक ताशी किंवा मिनिटागणिक काढायची एक पद्धत रूढ झाली आहे. तरीही एवढ्या नाजूक यंत्राचा सगळा हिशेब अखेर ‘दुप्पट धरा’ या सूचनेवर टेकतो, हे मला कधी फारसे पचले नाही. सेंद्रियांच्या आकड्यातली अनिश्चितता साधारण ३८ टक्के मानली जाते, आणि तिचा मोठा वाटा याच गुणकाचा. कण पकडून ठेवणारा, आत पोकळी असलेला नवा तापक वापरला तर बहुतेक कण अडकतात, पण ते आत जास्त वेळ भाजले जातात आणि रेणू अधिक तुटतात. म्हणजे वजन सुधारते आणि रासायनिक ओळख थोडी पुसट होते.

बाकी व्याप नळ्यांचा. कण नळीच्या भिंतींना चिकटू नयेत म्हणून धातूची किंवा विद्युतवाहक नळी लागते. लवचीक, काळी, वाहक सिलिकॉन नळी हाताळायला सोयीची खरी, पण तिच्यातून सिलोक्सेन या सिलिकॉनयुक्त संयुगांची वाफ सुटते आणि कणांवर बसते. मग पडद्यावर असे सेंद्रिय दिसते जे बाहेरच्या हवेत नव्हतेच. वातानुकूलित कंटेनरमध्ये दमट हवा आणली तर नळीत पाणी धरते, म्हणून वाटेतच ती वाळवावी लागते. कंटेनर आणि जनरेटर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहेत हे आधी पाहावे, नाहीतर आठवडाभर आपण आपल्याच धुराचा अभ्यास करतो.

वीज गेली तर सर्वांत आधी निर्वात धोक्यात येतो. बॅटरी थोडा वेळ देते. त्यात वीज परतली नाही तर निर्वात राखणारे, अतिवेगाने फिरणारे टर्बो पंप थांबतात. पुन्हा सुरू केल्यावर यंत्र काही तासांत आकडे देऊ लागते, पण आतल्या भिंतींवर बसलेले पाणी आणि सेंद्रिय वाफ निघून पार्श्वभूमी, म्हणजे कण नसतानाही दिसणारा संकेत, खाली यायला दिवस लागतात. त्या दिवसांतली निरीक्षणे वेगळी खूण करून ठेवावीत.

रोज थोडा वेळ हवा गाळणीतून पाठवून कणरहित हवेचा संकेत घ्यायचा असतो, आणि घाईत नेमके हेच टाळले जाते. गाळणी कण अडवते, वायू अडवत नाही. त्यामुळे वायुरूप कार्बन डायऑक्साइडचा ४४ या वस्तुमानावरचा वाटा उघडा पडतो. तो वजा केलाच पाहिजे, कारण हवेत मुरलेल्या, ऑक्सिजन धरलेल्या सेंद्रिय कणांची मुख्य खूणही ४४ वरच असते. कंटेनरजवळ माणसांची वर्दळ वाढली की कार्बन डायऑक्साइडही वाढतो, म्हणून सकाळची दुरुस्ती दुपारी चालेलच असे नाही. शुद्ध अमोनियम नायट्रेट आत सोडले तरी थोडा ४४ दिसतो. तापलेल्या पृष्ठभागावर आधीच्या कणांतला कार्बन साठलेला असतो, नायट्रेट त्याच्याशी अभिक्रिया करते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. २०१६ साली हा प्रकार नीट मोजला गेला. किती हे जुन्या कॅलिब्रेशनच्या फायली उघडूनही काढता येते, जर त्या जपून ठेवल्या असतील.

एवढे सगळे केल्यावर दोन यंत्रे सारखे बोलतात का? नोव्हेंबर २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या सिर्टा वेधशाळेत या यंत्राच्या लहान भावंडाची, एसीएसएमची (एरोसोल केमिकल स्पेसिएशन मॉनिटर), १३ यंत्रे एकत्र लावून तपासली गेली. हवा एकच होती. कणांच्या एकूण वस्तुमानात यंत्रायंत्रांतली अनिश्चितता ९ टक्के निघाली, सेंद्रियांत १९, अमोनियममध्ये ३६. एकूण आकडा जुळतो आणि घटकांचे हलतात, म्हणून एकाच यंत्राच्या अमोनियमवरून कण किती आम्लधर्मी होते हे ठामपणे सांगणाऱ्या निबंधाकडे मी जरा सावधपणे पाहतो. बाजूला आकारानुसार कण मोजणारे स्वतंत्र उपकरण आणि फिल्टरवर जमवलेले नमुने असतील तर ०.५ योग्य होता की नाही, हे निदान मागाहून तपासता येते.

मोहीम संपताना एक कॅलिब्रेशन राहता कामा नये: यंत्र बंद करण्याआधीचे. निर्वात सोडून आत हवा घेतली, फिलामेंट थंड झाला, यंत्र खोक्यात गेले, की मोहिमेतल्या शेवटच्या आठवड्याचे ते यंत्र पुन्हा हाती लागत नाही. ज्या दिवशी सगळ्यांना सामान बांधायची घाई असते, त्याच दिवशी अमोनियम नायट्रेटचे द्रावण ताजे करून दोन तास बसावे लागते.