टाळ मागं का पडतो?

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात पारायणाची सांगता दिंडीनं होते. गल्ली अरुंद, त्यात यंदा टाळकरी भरपूर. दिंडी लांबत लांबत सत्तर मीटरवर गेली आणि शेपटाकडचे टाळ बेताल वाजायला लागले. पखवाजवाले मामा वळून ओरडले, "अरे, मागचे टाळ मागं पडूलाल्यात! कानानं नको, माझ्या हाताकडं बघून मारा!"

मामांचा उपाय बिनचूक होता. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटरवरच्या माणसाला थाप 0.2 सेकंद उशिरा ऐकू येते. सेकंदाला तीन ठोक्यांची लय धरली तर निम्म्याहून जास्त ठोका वाटेतच गेला. उजेड मात्र असा रेंगाळत नाही.

मेंदूपुढं हीच अडचण आहे, आणि तिथं हात बघायची सोय नाही. सुमारे 8,600 कोटी चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या तंतूंमधून. उघड्या बारीक तंतूत संदेश सेकंदाला मीटरभरही सरकत नाही; मेदाचं आवरण असलेल्या सगळ्यात जाड तंतूंत तो शंभर मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे साधारण असं दिसतं, की जवळजवळच्या पेशी द्रुत लयीत जुळतात, सेकंदाला 30 ते 80 वेळा. या गॅमा लहरी. लांबलांबच्या भागांना जुळायचं तर लय संथ लागते, उदाहरणार्थ सेकंदाला 4 ते 8 वेळांची थीटा. लांबलेल्या दिंडीत आम्हीही शेवटी ठेका उतरवलाच.

पण जुळायचं कशासाठी? निपाणी-चिकोडीकडं काळ्या रानात उसाची ट्रॉली रुतलेली ज्यानं ढकललीय त्याला हे सांगायला नको. दहा जणांनी पाळीपाळीनं जोर लावला तर चाक जागचं हलत नाही. "हैश्शा!" म्हणून एकदम रेटा दिला की निघते. चेतापेशीचंही तसंच. एका शेजारणीकडून आलेला संदेश तिचा विद्युतदाब बरेचदा एक मिलिव्होल्टसुद्धा वाढवत नाही, आणि वाढलेला दाब थोड्याच मिलिसेकंदांत ओसरतो. तिला पेटायला, म्हणजे स्वतः पुढं संदेश सोडायला, मात्र साधारण 15 मिलिव्होल्ट लागतात. म्हणून एकाच क्षणी येऊन धडकलेल्या पाचपन्नास संदेशांना जी किंमत आहे, ती विस्कळीत आलेल्या तेवढ्याच संदेशांना नाही.

1989 साली जर्मनीत चार्ल्स ग्रे, वोल्फ सिंगर आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतल्या, दृष्टीचं काम करणाऱ्या भागात 7 मिलिमीटर अंतरावरच्या पेशी तपासल्या. समोरून प्रकाशाची एक लांब पट्टी सरकली की त्या पेशी एका लयीत, सेकंदाला चाळीसेक वेळा उसळायच्या. दोन आखूड पट्ट्या उलटसुलट दिशांना सरकवल्या की ताळमेळ गेला. यातून कल्पना निघाली, की ज्या पेशी एका तालात, त्यांना दिसलेले तुकडे एकाच वस्तूचे, हे मेंदूला असंच कळत असावं.

कल्पना देखणी आहे. मला ती पुरती पटलेली नाही. ट्रॅक्टर जोर लावतो तेव्हा धूर निघतो, म्हणून धूर काही ट्रॉली ओढत नाही. गॅमा लयही अशी कामासोबत निघणारी गोष्ट असू शकते, ही शंका बऱ्याच संशोधकांनी घेतलीय.

स्मृतीच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. 1994 मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, तारा बसवून पाहिलं. जागेपणी फिरताना ज्या पेशी जोडीनं चालल्या, त्याच नंतर गाढ झोपेतही जोडीनं चालत होत्या. ही उजळणी बरीचशी त्या भागातल्या विजेच्या एका बारीकशा थरथरीत होते. उंदरात ती सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर टिकते, पण तेवढ्यात लय सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत चढते. 2009 मध्ये दोन गटांनी धूर आणि इंजिन वेगळं करायचा प्रयोग केला: शिकवणीनंतर विश्रांती घेणाऱ्या उंदरांत थरथर सुरू झाली की लगेच विजेचा हलका झटका देऊन ती मोडायची. ते उंदीर वाट हळू शिकले. एका गटानं दुसऱ्या उंदरांना तेवढेच झटके थरथर सोडून इतर वेळी दिले, तर त्यांचं शिकणं नीट चाललं.

बरं, सगळ्याच पेशींनी एक ताल धरला तर? तीच फिट. मेंदूचा मोठा भाग एकदम, नको तितका जुळून उसळतो आणि माणूस शुद्ध हरपतो. दोन वर्षांमागं जागरात एका पोराला फिट आली, तेव्हा कुणी नाकाला कांदा लावायला धावलं, कुणी चप्पल. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळं श्रेय कांद्याला जातं. त्या रात्री मामांनी दोन्ही बाजूला सारलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि पोराला कुशीवर वळवून घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांच्या वर गेलं असतं तर दवाखान्यात न्यायला जीप काढून ठेवली होती.